तीन महिने पट्टा

माझी धाकटी जाऊ नेमकं काय काम करते, हे आमच्या घरात सगळ्यात सोपं करून सांगितलं ते सासूबाईंनी. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कंपन्यांची लग्नं जमवते ती. या बाजूला बायकांचे दवाखाने, त्या बाजूला कुणी बूटवाला, कुणी साबणवाला. स्थळं बघायची, बोलणी करायची, कुणाचं नाव मोठं छापायचं ते ठरवायचं, रुसवेफुगवे काढायचे आणि सह्या झाल्या की दोघांना शेजारी उभं करून फोटो काढायचा." जावेच्या कार्डावर 'प्रमुख, ब्रँड भागीदारी' असं छापलेलं आहे. ती हसून म्हणाली, "आई, पुढच्या वेळी कार्डावर तुमचंच वाक्य घालते."

तिचं कौतुक करायला मी हे लिहायला बसलेले नाही. तिनं जमवलेल्या अशाच एका लग्नापायी माझ्या एकोणीस वर्षांच्या लेकीचं एक अंडाशय काढावं लागलं. त्या कराराची मुदत संपत आली होती, तो पुन्हा व्हायचा होता, आणि तो तसाच झाला तर आणखी कितीजणींच्या लेकी त्याच वाटेनं जाणार, हे तिला आणि मला, दोघींनाही कळत होतं. मला राग आलेला आहे. तो कुणाकुणावर आहे, ते एकदा नीट सांगून टाकते.

आधी तिच्या बाजूचं सांगते, नाहीतर म्हणाल, जावाजावांचं भांडण आहे. लग्नाआधी ती औषधं विकायची. खांद्याला जड बॅग अडकवून डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकांवर तासन् तास बसायची. त्याच बाकांवर शेजारी बसलेल्या बायकांचं बोलणं तिच्या कानावर पडलं, आणि ते तिनं कधी विसरून टाकलं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर 'पाळी' हा शब्द तिनं पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. माझ्या दिराला, म्हणजे तिच्याच नवऱ्याला, पाण्याचा ठसका लागला. ती म्हणाली, "ठसका लागण्यासारखं काय आहे त्यात? तू त्याच्यामुळेच जन्मलास." तेव्हापासून ती मला आवडायची.

बायकांचे दवाखाने चालवणाऱ्या या कंपनीत आल्यावर तिनं चांगली कामंही केली. टॅक्सीवाल्या कंपनीला गळ घालून तपासणीनंतर एकट्या असलेल्या बायकांना घरी सोडायची सोय केली. बुटांच्या कंपनीकडून छातीच्या तपासणीचा खर्च काढला. मी बायकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे सकाळी तिला ऑफिसला सोडणं माझ्या वाटेवर असे. मागच्या सीटवर बसून ती फोनवर बोलणी करायची. कुणाला गोड बोलून, कुणाला चिमटा काढून. मी आरशातून बघायची आणि मनात म्हणायची, हिला गाडी शिकवायला घेतली तर दर वेळी चौकातच बंद पाडते, पण माणसं मात्र काय सफाईनं वळवते.

तिच्या ऑफिसात मी दोनतीनदा वर गेले आहे. दारापासून भिंतभर हसणाऱ्या बायकांची चित्रं. पळणाऱ्या, पुस्तक वाचणाऱ्या, बाळ उचलणाऱ्या. पोटाला हात लावून वाकलेली एकही नाही. बायकांच्या आरोग्याची कंपनी, आणि त्या मजल्यावर बायकांसाठी संडास एकच. बाहेर रांग. पुरुषांचे दोन, दोन्ही मोकळे. सगळ्यात वरचे साहेब पुरुष, त्यांच्या हाताखालचे दोघेही पुरुष. मी जावेला विचारलं, "यांच्यातल्या कुणाचं पोट दुखतं गं महिन्याला?" ती म्हणाली, "वहिनी, हळू बोला, इथे भिंती काचेच्या आहेत."

आता पट्ट्याचं. पोटाला बांधायचा, विजेवर गरम होणारा पट्टा. रंग अर्थातच गुलाबी. बायकांच्या वस्तूला दुसरा रंग द्यायला यांचे हात का थरथरतात कोण जाणे. तो बनवणाऱ्या कंपनीच्या मालकांना आम्ही घरी 'पट्टेवाले' म्हणत असू. ते ऐकून सासूबाईंना वाटायचं, जावेनं ऑफिसातल्या शिपायाशीच करार केला.

कल्पना जावेचीच होती आणि सुरुवातीला ती खरंच भली होती. कंपनीकडे डॉक्टर कमी, फोन करणाऱ्या बायका उदंड. पोटदुखीसाठी नाव नोंदवलं की डॉक्टरची वेळ मिळायला तीन महिने लागायचे. जावेनं म्हटलं, तीन महिने त्यांनी नुसतं तळमळत बसण्यापेक्षा पट्टेवाल्यांनी त्यांना पट्टा फुकट द्यावा. तेवढाच शेक. पट्टेवाल्यांचं नाव होईल, बायकांना आराम पडेल. करार झाला, केक कापला, फोटो निघाले. मीसुद्धा एक तुकडा खाल्ला.

वर्षभरानं वरच्या साहेबांच्या लक्षात आलं की पट्टा मिळालेल्या पुष्कळ बायका डॉक्टरकडे फिरकतच नाहीत. का फिरकत नाहीत, हे कुणी विचारलं नाही. बऱ्या झाल्या, की कंटाळल्या, की दुसरीकडे गेल्या, की नवऱ्यानं म्हटलं 'पट्टा आहे ना आता', काही पत्ता नाही. साहेबांनी एवढंच पाहिलं की रांग लहान होते आहे. मग त्यांनी नियम उलटा फिरवला. पोटदुखीचा फोन आला की आधी पट्टा. तीन महिने तो वापरायचा. तरी दुखत राहिलं तर परत फोन करायचा आणि मग रांगेत नाव लागणार. म्हणजे तीनाचे झाले सहा. पण कागदावर रांग अर्धी झाली, आणि साहेबांना कुठल्याशा समारंभात 'प्रतीक्षा कमी करणारी संस्था' म्हणून काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं.

हे तिनं मला गाडीतच सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे दुखणाऱ्या बाईनं आधी तीन महिने दुखून दाखवायचं?"

"नुसतं नाही वहिनी, पट्टा लावून," असं म्हणाली आणि तिचं तिलाच ते कसंसं वाटलं असावं, खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "या एका वर्षापुरतं आहे. पट्टेवाले रक्कम दुप्पट करतायत. त्यातून दोन नवे डॉक्टर घ्यायचं साहेबांनी कबूल केलंय. डॉक्टर आले की हा नियमच लागणार नाही."

या नियमाच्या करारावर तिनं सही केली. डॉक्टर आले नाहीत. तिनं आठवण केली तेव्हा साहेब म्हणाले, "रांग आहे कुठे आता? डॉक्टर कशाला हवेत?" चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय!

माझी लेक तेव्हा दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून शिकत होती. एका जागी बसायची नाही म्हणून काकूनं तिचं नाव भिंगरी ठेवलेलं. या भिंगरीच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. मला तिनं कळवलंच नाही, कारण मी सगळी कामं टाकून गाडी घेऊन हजर झाले असते, हे तिला माहीत होतं. काकूलाही सांगितलं नाही. नंतर मला म्हणाली, "काकूची ओळख कशाला लावायची? सगळ्यांसारखा मीही फोन केला." सगळ्यांसारखा फोन केला, तर सगळ्यांसारखंच उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी गुलाबी पट्टा दारात.

कहर म्हणजे तिनं तो बांधून, अंगठा वर करून स्वतःचा फोटो काढला आणि काकूला पाठवला. खाली लिहिलं, 'काकू, तू जमवलेलं स्थळ माझ्या पोटाला चिकटलंय!' जावेनं विचारलं, दुखतंय का फार? ही म्हणाली, छे, मजेत आहे. जाऊ इतकी खूश झाली की भिंगरीला विचारून तो फोटो तिनं पट्टेवाल्यांना दाखवायच्या सादरीकरणात घातला. पडद्यावर माझी लेक हसतेय, आणि शेजारी लिहिलंय, 'तरुण पिढीची पसंती'. नंतर मी तिला धारेवर धरलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं, गंमत म्हणून मागवला असेल." अगं बाई, पोटाला गरम पट्टा कुणी गंमत म्हणून बांधतं का? बाकांवर बसून बायकांचं ऐकणारी तू, तुला हसरा चेहरा दिसला आणि त्याखालचा पट्टा दिसला नाही?

तिसरा महिना संपत आला होता. मी एका नव्या विद्यार्थिनीला गाडी मागे घ्यायला शिकवत होते, तेवढ्यात भिंगरीच्या मैत्रिणीचा फोन आला. वर्गातच उलट्या करून पडली, आम्ही तिला सरकारी इस्पितळात आणलंय. मी विद्यार्थिनीला चालकाच्या जागेवरून उठवलं, ती मागे जाऊन बसली, आणि मी सुटले. तिला वाटेत उतरवायचं मला भानच राहिलं नाही. बिचारी तासभर मागे मूठ आवळून बसून राहिली. इस्पितळात पोचल्यावर तिनंच मला पाणी आणून दिलं.

डॉक्टरीण वयानं माझ्याएवढी, फार दमलेली. तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. अंडाशयावर गाठ होती. वाढत वाढत जड झाली आणि अंडाशय देठापाशी पिळलं गेलं. रक्त जायचं बंद झालं. काळं पडलेलं होतं, काढावंच लागलं. "दुसरं चांगलं आहे," ती म्हणाली. "पण तीन महिन्यांपूर्वी नुसती सोनोग्राफी केली असती तरी गाठ दिसली असती हो. गाठ काढून हेही वाचवता आलं असतं. घरी काय करत होतात तुम्ही?"

मी काय सांगणार? शेकत होतो म्हणून?

जाऊ त्याच दिवशी धावत आली. मी तिच्याशी बोलले नाही. ती रोज यायची, भिंगरीचे केस विंचरायची, तिचे कपडे धुऊन आणायची, आणि मी दुसरीकडे तोंड करून बसायची. भिंगरी मात्र तिच्याशी नेहमीसारखीच बोलत होती. त्याचाही मला राग यायचा. घरी आल्यावरही मी सकाळी तिला न घेता गाडी काढायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "दोन जावांनी अबोला धरला की घराचं स्मशान होतं." मी म्हटलं, होऊ दे.

एक दिवस ती गाडीसमोरच येऊन उभी राहिली. "वहिनी, उद्या पट्टेवाल्यांशी नवा करार आहे. आणखी तीन वर्षांचा. नियम काढा म्हणून मी चार वेळा सांगून बघितलं, कुणी ऐकत नाही. त्यांना फोटोतल्या मुलीच्या आईला भेटायचंय. आपला पट्टा लावलेली मुलगी म्हणून दोन कौतुकाचे शब्द हवेत त्यांना. ऑपरेशनचं मी साहेबांना लेखी कळवलंय, पट्टेवाल्यांना त्यांनी सांगितलेलं नाही. तुम्ही याल?"

"कौतुक करायला?"

"तुम्हाला काय वाटेल ते बोला," ती म्हणाली. अबोला तिथेच संपला, राग नाही.

बैठकीची खोली थंडगार. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, मधोमध पट्टे फुलांसारखे मांडून ठेवलेले. पट्टेवाले दिसायला सज्जन, माझ्यासाठी उठून उभे राहिले. "ताई, तुमची मुलगी म्हणजे आमच्या घरातलीच झाली," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या घरातल्या त्या मुलीला आता एकच अंडाशय आहे." आणि सगळं सांगितलं. आवाज चढला असेल, मला आठवत नाही. पट्टेवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली, जशी लोक दुसऱ्याच्या घरच्या मयताला हलवतात. म्हणाले, "फारच दुर्दैवी. पण ताई, हा अपवाद आहे. दुखणं गंभीर असेल तर आमच्या मुली फोनवर ओळखतात आणि लगेच डॉक्टरकडे पाठवतात. त्यांना तसं शिकवलेलंच आहे."

"तसं शिकवलंय?" जावेनं विचारलं. "बघू या."

तिनं टेबलावर आपला फोन ठेवला, आवाज मोठा केला आणि कंपनीच्याच सल्ल्याच्या नंबरला लावला. पलीकडून एक तरुण आवाज आला, "नमस्कार, मी आपली आरोग्यसखी, बोला ताई."

जावेनं आवाज बदलला. बाकांवरच्या कितीतरी बायका तिच्या गळ्यात होत्या. म्हणाली, पोटात एका बाजूला फार दुखतंय, दोन महिने झाले, उलट्या होतात, काल चक्कर येऊन पडले. पलीकडची मुलगी ऐकत गेली आणि मग एका सुरात म्हणाली, "ताई, काळजी करू नका. आम्ही आपल्याला एक गरम पट्टा विनामूल्य पाठवतो आहोत. तो तीन महिने वापरा. त्यानंतरही त्रास राहिला तर पुन्हा फोन करा."

"उलट्या होतायत हो. डॉक्टरची वेळ नाही का मिळणार?"

"आधी तीन महिने पट्टा, ताई."

मी साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी लाजेनं मान खाली जाईल. आणि पट्टेवाले, ते सज्जन गृहस्थ, हळूच साहेबांकडे झुकून म्हणाले, "वा! एक शब्द इकडचा तिकडे नाही. उत्तम तयारी करून घेतलीत." साहेब प्रसन्न हसले. माझ्या हातात पाण्याची बाटली होती ती मी फेकली कशी नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तेवढ्यात फोनवरची मुलगी पुन्हा बोलली. आता आवाज एकदम लहान झाला होता, तोंडाशी हात धरल्यासारखा. "ताई, आहात ना? ऐका. हे मी बोलायचं नसतं. पण पट्ट्याची वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता सरकारी इस्पितळात जा. एकट्या जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या. ठेवते."

 मग साहेबांचं हसू गेलं. "कोण ही? कुठल्या पाळीतली आहे? नंबर काढा तिचा."

माझ्या जावेला मी इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. तिचा आवाज मात्र चढला नाही. म्हणाली, "आत्ता या खोलीत एकच माणूस बायकांच्या आरोग्याचं काम करत होतं, आणि ते फोनवर होतं. त्याला शोधून काढायचंय तुम्हाला?" तिनं कराराचे कागद उलटे करून साहेबांपुढे सरकवले. "यावर माझी सही होणार नाही. त्या मुलीला हात लावलात तर मीही जाते. आणि जाऊन गप्प बसायची नाही."

साहेब म्हणाले, "तुमची सही लागतेच असं कुठे आहे?"

तेच खरं निघालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः सही केली. लोकांचं ऐकल्याचं दाखवायला तीन महिन्यांचे दोन केले आणि त्याचाही फोटो छापला. ती मुलगी रेकॉर्डिंगवरून सापडली. तिला काढलं, आणि मागोमाग जाऊ बाहेर पडली. आता त्या दोघी दारोदार हिंडतायत, वर्तमानपत्रांकडे, डॉक्टरांच्या संघटनेकडे, आरोग्य खात्याच्या कार्यालयात. कंपनीच्या वकिलाची नोटीसही येऊन पडली आहे. कुठे चहा मिळतो, कुठे नुसतंच 'बघू' मिळतं. मी गाडीनं सोडते. दारात सोडल्यावर जाऊ मागे वळून 'येते वहिनी' म्हणते, आणि मी 'ये' म्हणते, पण गाडीत आमच्यात पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत.

भिंगरी सुट्टीला घरी आली तेव्हा जावेनं तिला समोर बसवून हे सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची सहीसुद्धा. भिंगरी पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. फोनवरच्या मुलीचं आलं तेव्हा तिनं विचारलं, "ती सगळ्यांना असं हळूच सांगायची?"

"सगळ्यांना नाही गं. नोकरी जायची भीती होतीच तिला. पण बाईचा आवाज ऐकून जिची फार काळजी वाटायची, जी रडायची, विव्हळायची, तिला सांगायची."

भिंगरीनं पाय खाली सोडले. मग म्हणाली, "मी तर अगदी नीट बोलले होते. समोरच्या मुलीला उगीच त्रास नको म्हणून हसून बोलले होते, काकू. मी रडायला हवं होतं का?"

जावेनं तोंडावर पदर घेतला. मी इतक्या जोरात "नाही" म्हणून ओरडले की आतून सासूबाई काय झालं म्हणून धावत आल्या.